बाज बसवलेली जीपगाडी

प्रति,
मेहेरबान मोटारगाड्या तपासणी अधिकारी साहेब,
जिल्हा दक्षिण सातारा, मुक्काम सांगली.

अर्जदार : कोंडीबा सिदू मासाळ, वय ३४, माजी लष्करी ड्रायव्हर, राहणार बिरोबाची वस्ती, तालुका खानापूर.

विषय : बाज बसवलेल्या जीपगाडीस सरकारी सडकेवर केलेली मनाई उठवणेबाबत, न उठवल्यास पुढे काय होईल याची आगाऊ वर्दी देणेबाबत.

संदर्भ : १) सातारा मुक्कामीचा हुकूम, ता. १९ जुलै १९४९. २) अर्जदाराचा पहिला अर्ज, ता. २२ ऑगस्ट. उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार लिहिण्यावाचण्यात कच्चा असल्याने सदर अर्ज त्याच्या सांगण्यावरून निवृत्त तलाठी नानासो बाबर लिहीत आहे. तीस वर्षे सरकारी मराठी लिहून लेखकाचा हात आखडला आहे, जीभ आखडलेली नाही. कमीजास्त शब्द पोटात घालावा.

२. अर्जदार पाच वर्षे ब्रह्मदेशाच्या चिखलातून लष्कराच्या गाड्या हाकत होता. तो तिकडे असता, सन १९४५ च्या वैशाखात त्याची बायको रंगूबाई बाळंतपणात अडली. वस्तीपासून विट्याचा दवाखाना अकरा मैल. बैलगाडी ओढ्याच्या वाळूत रुतली, बाईला हातावर उचलून सडकेपर्यंत आणली, आणि सडकेच्या कडेला ती पोटातल्या जिवासकट गेली. अर्जदारास पत्र मिळाले तीन महिन्यांनी. लढाई संपल्यावर हाती आलेला सगळा पैसा घालून त्याने पुण्याच्या लिलावात लष्करी जीप घेतली. "मेंढरं घ्यायची सोडून लोखंड घेतलंस व्हय रं?" असे सख्खा चुलता केरबा भर चावडीत म्हणाला.

३. गाडीत केलेले फेरफार अर्जदार नाकबूल करीत नाही. मागली बैठक काढून तेथे सुंभाची बाज बसवली आहे, ती अडीच फूट मागे निघते, कारण आडवा माणूस त्याहून आखूड करता येत नाही. वर ताडपत्रीऐवजी घोंगडे आहे. वाळूसाठी मागल्या चाकांना साखळ्या आहेत. भोंग्याने मेंढरे उधळतात म्हणून भोंगा काढून घंटा टांगली आहे. घंटा ऐकून मेंढरू आपण होऊन बाजूला होते, जे सडकेवरची माणसे भोंगा ऐकूनही करीत नाहीत. या गाडीने आजवर नऊ बाया आणि साप चावलेले दोन गडी दवाखान्यात पोचवले. अकराही जण जिवंत आहेत.

४. आता चूक झाली ती सांगतो. तपासणीची तारीख नेमकी बेंदराला, बैलांच्या सणाला आली. वस्तीवर या गाडीला बैलाचाच मान. बायकांनी पहाटे तिला धुतली, झूल घातली, गोंडे बांधले, पुरणपोळीचा घास टपावर ठेवला आणि दोन्ही दिव्यांना डोळे समजून कुंकवाने मळवट भरला. तशीच ती साताऱ्याच्या साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी टिपले : "पुढील दोन्ही दिवे लाल. नियमाविरुद्ध." अहो, दिवे लाल नव्हते, कुंकू लाल होते! "सायेब, फडक्यानं पुसतो," असे अर्जदार म्हणत राहिला, पण टाक एकदा कागदाला टेकला की टेकला. गाडी मूळ रूपात आणेपर्यंत सडकेवर चालवू नये असा हुकूम झाला. मूळ रूपात ती बंदूक वाहत होती. ते रूप कायद्यात बसते आणि बाज बसत नाही, हे अर्जदारास मरेपर्यंत पटणार नाही. पुढे ऑगस्टात जिल्ह्याचे दोन भाग झाले. सातारा म्हणते कागद सांगलीला गेले, सांगली म्हणते आले नाहीत.

५. कागद वाट बघतात, बाळंतपण बघत नाही. अर्जदाराचा धाकटा भाऊ अर्जुना याची बायको सुलाबाई हिचे दिवस भरत आले, तेव्हा अर्जदाराने हुकूम लेखकाकडून तीनदा वाचून घेतला. मनाई सडकेवर आहे, सडकेच्या कडेला नाही. बाजरी निघाली होती. चौदा शेतमालकांनी बांध फोडून वाट दिली. अडचण एकच राहिली : सातव्या मैलाच्या दगडापाशी सडक ओलांडल्याशिवाय दवाखाना येत नाही. त्यावर अर्जदार म्हणाला, "मनाई गाडी चालवायला हाय. उचलायला न्हाई."

६. ता. ४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी नऊच्या सुमारास, बाजेवर सुलाबाई कळा देत असता अर्जदाराने दगडापाशी इंजिन बंद केले. बावीस गडी वासे घेऊन तयारच होते. सुलाबाई म्हणाली, "भावजी, मला उतरा, गाडी हलकी व्हईल." अर्जदार म्हणाला, "रंगूला हितंच उतरवली हुती. तुला न्हाई उतरत." वासे खाली घातले आणि गाडी बाईसकट खांद्यावर चढली. मध्यावर एकाचा पाय सरकला. तेथे बंदोबस्तास एक पोलीस उभा होता, त्याने टोपी काखेत मारली आणि वाशाखाली शिरला. बाविसांची यादी जोडली आहे. तेविसाव्याचे नाव वस्तीवर कोणासही आठवत नाही, विचारण्याची तसदी घेऊ नये.

७. पाय सरकला तेव्हा मागले डावे चाक सडकेला टेकले. खोटे बोलायची अर्जदारास सवय नाही. त्या एका चाकाची जी शिक्षा असेल ती त्यास मंजूर आहे. पण एक गोष्ट साहेबांनी टिपून घ्यावी. चार वर्षांमागे याच सडकेवरून रंगूबाईला चौघांनी खांदा दिला, तेव्हा कोणत्याही नियमाने हरकत घेतली नव्हती. सुलाबाईला मुलगी झाली. नाव रंगू ठरले आहे. हे सांगताना अर्जदार रडला, तेही त्याच्याच सांगण्यावरून लिहिले आहे.

८. तरी मागणी अशी की, गाडी बाज, घोंगडे आणि घंटेसह दप्तरी नोंदवावी. नाहीतर माणसांनी गाडी खांद्यावर नेऊ नये असा वेगळा हुकूम काढावा आणि तो वाचायला साहेबांनी स्वतः सातव्या मैलावर यावे. बाज निघणार नाही.

लष्करात हुकमाचा ताबेदार होतो. आता आपला नम्र, पण वाट न सोडणारा,

कोंडीबा सिदू मासाळ
(डाव्या हाताचा अंगठा)
ता. ९ नोव्हेंबर १९४९

सोबत :
१) चौदा शेतमालकांची संमती.
२) खांदा देणाऱ्या बावीस जणांचे अंगठे.
३) बेंदरादिवशी दिवे पुसलेला फडका, कुंकवासह.
४) वस्तीवर येत्या सालात बाळंत होणाऱ्या सात बायांची यादी, महिन्यांसह, म्हणजे गाडी केव्हा केव्हा खांद्यावर असेल, ते साहेबांना आधी कळावे.