ओढ्याकाठची शिकेकाई

पुणे, ९ फेब्रुवारी २००३

चि. मच्छिंद्र यास ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे, जेवणाची सोयही चांगली आहे. आईचा गुडघा कसा आहे?

बचत गटांच्या प्रदर्शनात आपलं उटणं आणि केसांची पावडर लई खपतेय. शिकेकाई संपली व्हती, तेवढ्यात तुझं पोतं एसटीनं आलं.

पोतं उघडून सगळा माल खाली ओतला. निम्म्या शेंगा हिरव्या, आणि त्यांच्यात मनगटाएवढा जाड वेलीचा तुकडा, कोयत्यानं तोडलेला! वाळून खुळखुळणाऱ्या शेंगाच काठीनं पाडायच्या, हे आईनं तुला शिकवलं न्हाई का? हिरव्या दळल्या तर पावडरीला बुरशी येईल. आणि वेलच तोडलीस तर पुढच्या वर्षी काय पाडशील?

उद्या शंभर पुड्या न्यायला एक बाई येणार आहेत. त्यांना मी माल न्हाई म्हणून सांगणार.

तुला आणखी लई बोलणार व्हते. पण परवा फोनवर “कसंही करून पोतं भरून पाठव” असं मीच म्हणले व्हते, ते आठवलं.

आईला इतक्यात सांगू नको. आधी ओढ्यावर जा आणि वेलीचा बुंधा शाबूत आहे का, तेवढं कळव.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेली,
पुष्पाताई