भिंतीला पाजलेलं पाणी

प्रिय बाबा,

आईला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय. काल बोईसरची आपली इमारत पाडली. बिल्डरने दाखवलेली परवानगी खोटी होती म्हणे. त्याचा फोन बंद आहे.

"वर आमची बादली राहिलीय," मी पोलिसाला म्हटलं. त्याने सोडलं नाही. बादलीसाठी कोण भांडतं, बाबा? मी भांडले!

आठवतं? बिल्डरची माणसं प्लास्टर करून गेली की पाणी मारायला कुणी फिरकायचं नाही. मग कारखान्यातली पाळी सुटली की तुम्ही मला नि आईला घेऊन तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायचात. भिंतीला कान लावायचात. "पिते बघ गो. तान्हं पोर हाय ती, पानी तोडलं तर तडकंल."

आई म्हणायची, "माझी पोर तान्ही होती तवा एवढं नाय केलंत!"

शाळेआधी अक्षरं, पाढे तुम्हीच शिकवलेत. पाटीवर. भाड्याच्या खोलीत भिंतीवर रेघ दिसली की मालकीण दारात उभी. "आपल्या घरात भिंतभर लिही," म्हणायचात. एवढी मोठी झाले तरी मनातून ते गेलं नव्हतं. त्या नव्या भिंतीपाशी एकदा गंमत म्हणून कोळसा उचलला, तर तुम्हीच ओरडलात, "ओली हाय, थांब!"

का थांबवलंत हो?

मग ताबा मिळायच्या आधीच तुम्ही गेलात. कागद मी पुन्हा पुन्हा वाचले होते. पण शिक्का खरा की खोटा, हे आपल्या घरात कुणाला ओळखता येत होतं?

काल शेजारच्यांची भिंत एका धक्क्यात गेली. आपल्या स्वयंपाकघराची हलेना. मशीनवाला खाली उतरला, घाम पुसत म्हणाला, "ये किसने बनाया? टूटता ही नहीं!" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, मेरे बाबा ने पानी डाला है. बोलून काय झालं असतं? त्यांनी दुसरं, मोठं मशीन आणलं.

घरी आले तर आईने विचारलंच. गुडघ्यांमुळे ती हल्ली तिकडे येत नाही, तिला सगळं माझ्याकडूनच कळतं. "भिंती सुकल्या का गो? दिवाळीला जाऊ ना ऱ्हायला?"

"सुकल्यात," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ना ते, बाबा? रात्रभर मी हेच घोकतेय. सुकल्या तर होत्याच!

घर घेईन, असं वचन देत नाही. कुठून घेऊ? न झेपणारं बोलू नये, हे तुमचंच शिकवणं. पण सकाळचा चहा झाला की आईला मी सांगेन. शेजाऱ्यांच्या तोंडून तिला कळू देणार नाही. आणि आपली भिंत सगळ्यांत शेवटी पडली, तेही सांगेन.

तुमची पोर,
सुजू