मेथी अजून नकाशावरच

ती. अक्का,
इथूनच वाकून नमस्कार, गुडघ्यांमुळे अर्धाच.

आई परसातला ओला पालक झटकायची, तो फटफट आवाज आज सकाळपासून कानात आहे. आपण कविता घोकत बसलेलो असायचो नि शिंतोडे थेट पाटीवर उडायचे.

माझी तब्येत ठीक आहे, काळजी नको. वैताग आहे तो तुझ्या भाच्याचा. मला खाली बसता येत नाही, म्हणून कमरेइतक्या उंच लाकडी पेटीत भाजी लावायचं ठरलं. तीन आठवडे फळ्या भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि हा रोज नवा नकाशा काढतो. काल म्हणाला, "बाबा, आधी उन्हाचा अभ्यास पूर्ण होऊ द्या."

"अरे, मेथी लावायचीय की परीक्षेला बसवायचीय?"

हसलासुद्धा नाही. पेरणीचे दिवस सरत चाललेत, अक्का. 'पुढच्या वर्षी बघू' हे ऐकून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही.

तुझा खोकला कसा आहे?

आत्ताच दार वाजलं म्हणून उठलो, तर मातीवाला टेम्पो घेऊन उभा. म्हणतो, "तुमच्या सूनबाईंनी पाठवलंय. साहेब ऑफिसात असतानाच ओता म्हणाल्या. कुठे ओतू, आजोबा?"

पत्र इथेच आवरतो. हातोडी शोधायची आहे.

तुझा,
धाकटा