नाव समोर यावं म्हणून

शिरूर,
१४ नोव्हेंबर

अक्षदा,

दौंडला खोली मिळाली का? जेवणाचं काय करतेस? इकडं सगळे ठीक. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पाकीट कंपनीच्या गाडीवरच्या भिमाजी मामांकडं देतोय. "टपाल खातं बंद पडलं व्हय रं?" म्हणाले, पण घेतलं.

तू गेल्यापासून डोकं बधिर झालंय. मीटिंगमध्ये पठारे सरांनी विचारलं, "प्लेट रीडरमध्ये उलटी कुणी लावली?" आन् तू शांतपणे म्हणालीस, "मी." मी दारात ट्रॉली धरून उभा. आदल्याच दिवशी मी मशीनवाल्या रोहिदासची गचांडी धरली होती, की तुझंच यंत्र खोटं बोलतंय.

यंत्र कशाला खोटं बोलेल? आपल्या प्रयोगातल्या पेशीला रसायनाचा निरोप पोचला की ती उजळते, औषधानं निरोप अडवला की विझते. यंत्र फक्त प्लेटच्या कुठल्या खळग्यात किती उजेड हे मोजतं. प्लेट उलटी गेली, बिनऔषधाच्या पेशींचा उजेड औषधाच्या नावावर पडला. चांगलं औषध निकामी ठरलं, तसा रिपोर्ट पार गिऱ्हाइकाकडं गेला. त्याच औषधाच्या दुसऱ्या प्लेटवर उजेड बरोबर विरुद्ध बाजूला आला, तेव्हा सगळ्यांना कळलं. आणि तुला प्रोजेक्टवरून काढून तिकडं दौंडच्या प्लांटवर पाठवलं.

प्लेट मी लावली होती. तुला माहीत आहे. तू काचेपलीकडून बघत होतीस; उलटी गेली हे मात्र तेव्हा तुलाही कळलं नसणार.

का फिरवली ते लिहायला हात धजत नव्हता. तू प्लेटच्या कडेला मार्करनं नाव लिहितेस ना, ते त्या दिवशी मागच्या कडेला होतं. तुझं नाव आत अंधारात तोंड करून जाणार, ते मला बघवेना. म्हणून फिरवली. दिशेसाठी प्लेटचा कापलेला कोपरा बघायचा असतो, हे तूच शिकवलं होतंस. मी नाव बघत बसलो.

तू आळ स्वतःवर घेतलास, तेव्हा मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं, तुलाही मी आवडतो. कॉलेज मधेच सोडल्यापासून एवढा खूश मी कधी नव्हतो. पेशी वाढवणाऱ्या आपल्या अनिताताईला पेढा द्यायला गेलो. तिनं घेतला नाही.

"तुझ्यासाठी न्हाई केलं तिनं, येड्या. तुझं नाव निघालं असतं तर सर कारण विचारणार, आन् तू छाती काढून सांगणार. मग तिनं लॅबमधी तोंड कुठं लपवायचं? त्यापरीस बदली परवडली, म्हणाली."

पेढा हातातच राहिला. अजून खरं वाटत नाही. माझ्यापेक्षा तुला बदली परवडली.

आज सरांकडं गेलो. सांगितलं, प्लेट मी उलटी लावली. "का?" त्यांनी दोनदा विचारलं. जीभ वळवळत होती. म्हणालो, "लक्ष नव्हतं, सर." ओळखपत्र काढून घेतलं. तुला सोमवारी परत बोलावतील.

माझ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हण, कॉलेजात एका वर्गात होतो, बाकी काही नाही. मीही तेवढंच सांगितलंय.

आपला,
सत्यजीत