हातभर जादा वायर

३ फेब्रु.
पडेगावला मनीचं नवं घर बघून आलो. लेकीच्या घराची वायरिंग मीच करणार, हे तिच्या लग्नापासून धरून बसलो होतो. भिंती तयारच आल्या, कारखान्यातून. वायरी आतल्या आत. भिंत फोडणं नाही, पाइप टाकणं नाही. हत्यारांची पिशवी उघडलीच नाही.

५ फेब्रु.
कंपनीचा इंजिनीयर भेटला. विचारलं, फॉल्ट आला तर? "काका, अख्खी भिंतच बदलायची." पुढं म्हणे बटनंही जाणार, घरभर बॅटरीचा करंट, दिवे बोलून लागणार. मान डोलावली.
उस्तादांनी शिकवलेलं, प्रत्येक बोर्डात हातभर वायर जादा गुंडाळून ठेवायची. मागून दुरुस्तीला येणाऱ्यासाठी. इथं मागून कुणी येणारच नाही.

९ फेब्रु.
घात झाला. परवा वास्तुशांत. मनी म्हणाली, देव्हाऱ्यासाठी खुंटी तेवढी बसवून द्या. दुधाची तहान ताकावर. वायर बटनाच्या सरळ वर जाते, तिरकी कधीच नाही, हा आमचा नियम. म्हणून बिनधास्त वीतभर बाजूला ड्रिल लावलं. कंपनीची वायर नेमकी तिरकी गेलेली. फट् झालं. हॉल बंद, देवघर बंद. जावईबापूंनी कंपनीला फोन लावला. मनी खालचा चुरा झाडत बसली. रागानं चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.
नवी भिंत पुढच्या सोमवारी.

१० फेब्रु.
जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "होतंय माणसाकडनं." तीस वर्षांत झालं नव्हतं. पिशवी माळ्यावर टाकली. लाज वाटते, दुसरं काही नाही.

११ फेब्रु.
सकाळीच मनी दारात. "बाबा, देवापुढं उजेड नाय. कंपनीवाले आज येत नाय म्हणतेत. स्वयंपाकघरातून भिंतीवरूनच वायर ओढून द्या."
म्हणजे दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून मी. तरी गेलो. माळ्यावरून पिशवी उतरवली. ड्रिल नेलंच नाही, वायर धरायची पट्टी चिकटवूनच बसवली. ओळंब्यात सरळ. दिवा लागला, पूजा झाली. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, नव्या घरात ही उघडी वायर बरी दिसत नाही. खरंच आहे. सोमवारी भिंतीबरोबर तीही जाईल.
शेवटी दिव्यापाशी हातभर वायर गुंडाळून ठेवली. हाताची सवय. मनीनं बघितलं.
"एवढी कशाला, बाबा? सोमवारी काढायचीच हाय."
मागून येणाऱ्यासाठी, असं ओठावर आलं होतं. गिळलं. गुंडाळी मात्र कापली नाही.