तो पेढा तुम्ही का खाल्लात, सर?

प्रिय जगदाळे सर,

विभागप्रमुखांनी पेढा पुढे केला, तुम्ही तोंड उघडलंत आणि तो खाल्लात. त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेज सुटलं, गार्गी दुरावली, तुमच्याशी बोलणं तुटलं. 'एवढ्याशा पेढ्यावर केवढं हे खापर!' असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मी दारात उभा होतो आणि मी ते बघितलंय.

('आदरणीय' लिहिणार होतो. नाही लिहवलं. 'प्रिय'वर भागवून घ्या.)

आज लिहायला बसलो, कारण तुम्ही विद्यापीठाच्या गेटवर झळकताय. फ्लेक्सवर! दुपारी गुणगौरव सोहळा आहे. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्षभरात जे काही मिळवलं, त्याचं कौतुक. गार्गीने फ्लेक्सचा फोटो पाठवला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. म्हणून काल ड्युटी संपल्यावर खराडीतून गाडी काढली आणि स्वतः जाऊन बघून आलो.

वर पाहुण्यांचे मोठमोठे फोटो, म्हणजे ज्यांनी यंदा काहीच मिळवलेलं नाही त्यांचे. खाली लहान लहान चौकटी. बँकॉकला एका सत्राचं अध्यक्षपद भूषवून आलेल्या मॅडम. कुठल्याशा समितीवर निवड झालेले एक सर. रस्सीखेचीत तिसरी आलेली टीम. शोधनिबंधासाठी गार्गी. आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात तुम्ही. 'कै. प्रा. जगदाळे, आदर्श शिक्षक पुरस्कार (मरणोत्तर).' प्रत्येक चौकटीखाली जी ओळ आहे, तीच तुमच्याही खाली. 'हार्दिक अभिनंदन! पुढील वाटचालीस शुभेच्छा!'

सर, कुठली वाटचाल? कुणाला काही वाटतं की नाही? छापणाऱ्याने वाचलं नाही, छापून घेणाऱ्याने वाचलं नाही, टांगणाऱ्याने तर वर बघितलंच नसणार!

तुम्ही असतात तर त्या फ्लेक्सखाली उभे राहून हसला असतात, ते तुमचं आवाज न करता नुसते खांदे हलवणारं हसणं. मला नाही आलं हसू. कारण फोटो कुठला वापरलाय माहितीये? तोच. पेढ्याचा. विभागप्रमुखांना त्यातून कापलंय, पण बोटं राहिलीत. तुमचं अर्धवट उघडलेलं तोंड, आणि चौकटीच्या कडेतून आत आलेली अंगठीवाली दोन बोटं आणि त्यात पेढा. वर्षानुवर्षं शिकवलंत, आणि त्यांच्याकडे तुमचा दुसरा एक फोटो नाही!

आता तुम्हीच सांगा, मी चिडू नको तर काय करू?

ज्याच्या बक्षिसाचा तो पेढा, तो नकाशा आपला होता, सर. शहराखाली गाडल्या गेलेल्या त्या ओढ्याचा. लोकांनी त्याच्यावर पार्किंग केलं, सोसायट्या केल्या, एक मंगल कार्यालयसुद्धा बांधलं, आणि ओढा कुठून जातो ते विसरून गेले. तुम्ही आम्हाला सगळा हिवाळा त्याच्या मागे हिंडवलंत. उतार मोजायचं ते जुनं यंत्र गार्गीकडे, आणि लांब जाऊन ती उंच मोजपट्टी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. कायम माझ्याकडेच! चिखलात, वासात, डासांत. मी एकदा म्हणालो, 'सर, मला पण यंत्राजवळ उभं राहू द्या की.' तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. 'विक्रम, आपण इथे अंतर मोजायला आलोय. कमी करायला नाही.'

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. सगळ्या वर्गाला कळायच्या आधी. गार्गीला कळायच्या तर कितीतरी आधी. तिला अजून कळलंय की नाही, देव जाणे.

त्या यंत्रातून माणूस उलटा दिसतो. पाय वर, डोकं खाली. तिने पहिल्यांदा मला त्यातून बघितलं आणि ओरडली, 'ए, तू उलटाच बरा दिसतोस!' सर, त्या एका वाक्यावर मी तो सगळा हिवाळा काढला.

आणि ते यंत्र तुम्ही कशात गुंडाळून ठेवायचात? सत्काराच्या शालीत! तुमच्या अंगावर शाल कुणी कधी बघितली नाही. मोजपट्टीला एक, यंत्राला एक, नकाशांच्या गुंडाळीला एक. नारळ मिळाला की पुढच्या फिल्डवर फुटायचा आणि खोबरं सगळ्यांत. 'सत्कार कामाला आला पाहिजे,' असं म्हणायचात.

बरं, तुम्हाला सत्कारांचा तिटकारा होता म्हणावं, तर तसंही नाही! दुसऱ्यांच्या सत्काराला तुम्ही पहिल्या रांगेत. नोटीस बोर्डावर नाव लागलेल्या प्रत्येकाला गाठून विचारायचात. आमच्या वेळच्या एका रस्सीखेचवाल्या पोराला (तेव्हाही टीम तिसरीच!) तुम्ही कॉरिडॉरमध्ये थांबवलं होतंत, 'पाय कुठे रोवला होतास? टाच की चवडा?' ते पोरगं अर्धा तास तुम्हाला दाखवत होतं. तिसऱ्या नंबरवाल्याला एवढं कोण विचारतं, सर? आणि स्वतःच्या पहिल्या नंबरच्या वेळी मात्र तुम्ही मुके!

आपल्या नकाशाला पहिलं बक्षीस मिळालं. फलकावर 'मार्गदर्शक' म्हणून विभागप्रमुखांचं नाव. ते एकदाही ओढ्यावर आले नव्हते. त्यांच्या बुटाला चिखल लागलेला मी तरी बघितला नाही. आणि तुमचं नाव कुठे? खाली, 'विशेष सहकार्य'मध्ये. झेरॉक्सवाल्याच्या एक ओळ वर.

मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. सगळा विभाग जमलेला, फोटोग्राफर आलेला. विभागप्रमुख साहेब म्हणाले, 'जगदाळे, या हो, तुमचाही थोडा वाटा आहे.' थोडा! आणि पेढा पुढे केला. आणि तुम्ही...

मी ओरडलो ते मला शब्द न् शब्द आठवतंय. 'सर, तोंड उघडायचंच होतं तर बोलायला उघडायचं!' आणि बाहेर पडून असं दार आपटलं की वरची काच हलली. मागून तुमचा आवाज आला. एरवी पुस्तकासारखं बोलणारे तुम्ही, वैतागलात की सरळ गावच्या बोलीत. 'विक्रम, दार हाय ते, ढोल न्हाय!'

सगळे हसले. गार्गीसुद्धा हसली असणार, असं मी तेव्हापासून धरून चाललोय.

खाली पार्किंगमध्ये मी थांबलो होतो, सर. तुम्हाला माहीत नसेल. मला वाटलं, तुम्ही याल. माझ्या खांद्यावर हात ठेवाल, नाहीतर निदान दोन शिव्या घालाल. तुम्ही आला नाहीत. पुढचा तास होता म्हणे तुमचा. तो घेतलात! शेवटचं वर्ष होतं माझं, मी गेलो तो गेलोच, आणि तुम्ही समोच्च रेषा शिकवत होतात.

मग दर परीक्षेच्या वेळी तुमचा मेसेज. 'फॉर्म सुटलेत.' बस. ना 'कसा आहेस', ना 'कुठे आहेस'. मी अंगठा पाठवायचो. एकदा चिडून लिहिलं, 'मी खराडीत कंपनीच्या गाड्यांचे रूट लावतो, मजेत आहे.' तुमचं उत्तर काय? 'म्हणजे अजून नकाशेच काढतोयस.' सर, असं कुणी बोलतं का? रागावलेल्या माणसाला रागावू तरी द्यावं!

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात. झोपेत. कुणाला हाक नाही, काही नाही. दार न आपटता. मला एका मित्राच्या स्टेटसवरून कळलं. लोणीला तुमच्या घरी पोहोचलो तेव्हा अंत्यविधीची गर्दी परत फिरत होती. मी मागेच उभा राहिलो आणि मागच्या मागे निघून आलो.

काल रात्री गार्गीला फोन केला. फ्लेक्सवरून भांडायलाच केला होता.

'बघितलास ना?' ती म्हणाली. 'मी सकाळपासून तीन जणांशी भांडलेय. म्हणतात, आता दुसरा छापायला वेळ नाही, कुणी वाचत नाही.'

'मग फाडून टाक!'

'हो का? तू येऊन फाड. ऐक विक्रम, मुद्दा वेगळा आहे. जगदाळेकाकू पुरस्कार घ्यायला येत नाहीयेत. त्यांनी तुझं नाव सांगितलंय. सरांच्या वतीने तू घ्यायचास.'

मी म्हणालो, 'त्या विभागप्रमुखाच्या हातून? मेलो तरी नाही.'

'ठीक आहे. मग विभागाच्या वतीने तेच घेणार. द्यायलाही तेच, घ्यायलाही तेच. शाल त्यांच्या कपाटात जाईल. मी काकूंना कळवते की विक्रम नेहमीसारखा निघून गेला.'

'नेहमीसारखा म्हणजे?'

मग ती जी सुटली, सर! 'मी पण त्या खोलीत होते. मलाही राग आला होता. तू दार आपटलंस आणि मोकळा झालास. ओढ्याचा पुढचा, नदीपर्यंतचा नकाशा कोणी केला? उन्हात पट्टी धरायला माणूस नव्हता, तर सर स्वतः धरून उभे राहायचे. त्या वयात. मला यंत्रातून ते उलटे दिसायचे आणि रडू यायचं. माझ्या निबंधावर पहिलं नाव सरांचं आहे, विक्रम. साहेबांचं कुठेच नाही. त्यासाठी मी ओरडले नाही. त्यांच्या केबिनमध्ये जात राहिले, बसत राहिले, रोज तेच सांगत राहिले. आत राहणं तुला सोपं वाटतं?'

आणि मी मूर्खासारखं विचारलं, 'मी दार आपटलं तेव्हा तू हसली होतीस का?'

ती म्हणाली, 'तू हे इतकी वर्षं धरून बसलायस? मी तुझ्या मागे जिन्यापर्यंत आले होते, गाढवा.' आणि फोन ठेवला.

सर, जिन्यापर्यंत! पुढे का नाही आली? मी पार्किंगमध्ये तुमची वाट बघत होतो आणि ती जिन्यात होती! आता याचं मी काय करू?

सकाळी काकूंना फोन केला. नाही म्हणायलाच केला होता, खोटं कशाला बोलू. काकू म्हणाल्या, 'मला न्हाय यायचं बाबा. तिथं ते कैलासवासी म्हणणार आन् समदे माझ्याकडं बघणार. तू जा.'

मी म्हणालो, 'काकू, मी त्यांच्याशी भांडून गेलो होतो. त्यांनी तो पेढा खाल्ला म्हणून.'

'ठाव हाय की. घरी येऊन सांगितलं हुतं त्येंनी. आरं, त्येंना साखरेचा आजार. मी घरात गोडाचा कण शिवू देत न्हवते. बाहेर कुणी दिलं की सोडायचे न्हाईत.' काकू हसल्या, मग म्हणाल्या, 'त्या रातीला जेवले न्हाईत. म्हणले, एका पेढ्यापायी पोरगं गेलं माझं.'

सर!

मी काय काय समजलो होतो. तुम्ही घाबरलात, तुम्ही विकले गेलात, तुम्ही संत आहात. वेगवेगळ्या रात्री वेगवेगळं. आणि तुम्हाला गोड खायचं होतं? तेवढंच? की काकूंनाही तुम्ही अर्धंच सांगितलंत? आता कुणाला विचारू? मला राग यायला हवा, आणि तो येतोय, पण मधेच खांदे हलतायत माझे. तुमच्यासारखे. हे मला अजिबात आवडलेलं नाही.

आणि 'पोरगं गेलं माझं' हे तुम्हाला त्या मेसेजमध्ये लिहिता नाही आलं? 'फॉर्म सुटलेत'च्या खाली एक ओळ! मी धावत आलो असतो, सर. की नसतो आलो? तेव्हाचा मी, सांगता येत नाही.

असो. रूममेटचा शर्ट मागून घेतलाय. इस्त्री केलीय. बाहीला थोडी करपली, चालेल, तुम्हाला माझा अवतार माहीतच आहे.

तर ऐका, शब्द देतोय. स्टेजवर मी भांडणार नाही. तुमचं नाव पुकारलं की चढेन आणि शाल घेईन. ती कुणाच्या कपाटात जाणार नाही. यंत्राची जुनी शाल विरली असेल, तिच्यावर ही गुंडाळीन. नारळ काकूंना विचारून फोडीन. रस्सीखेचवाल्या पोरांना गाठून विचारीन, टाच की चवडा. गार्गीला जिन्याचं विचारीन, आज नाही तर उद्या. आणि साहेब पेढा पुढे करतील, करतीलच, फोटोग्राफर असणार, तर मी तोंड उघडीन. खाईन. तुमच्या वाटचा.

फॉर्मचा शब्द देत नाही. उगाच खूश होऊ नका. कधी सुटतात तेवढं फक्त गार्गीला विचारणार आहे.

उशीर होतोय. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतो. किल्ली घेतो. बाहेर पडतो, सर. दार लावतो.

हळू.

तुमचा,
विक्रम