मासळीची सुरई, पानांच्या बशा आणि आमची ही

मी, खाली सही करणारा, चष्म्याच्या दुकानाचा माजी मालक, वय वर्षे एकोणऐंशी, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. चिरंजीवांना तो पटलेला नाही.

१. राहते घर चिरंजीवांना. गच्ची गळते, तीही त्यांनाच.

२. चष्म्याची सर्व हत्यारे दुकानातल्या जुन्या कारागिराला. तो ती पुसून ठेवतो.

३. मेहुण्याला काहीही नाही. तुटका कान चिकटवून, वर रंग देऊन त्याने एक किटली अख्खी म्हणून माझ्या गळ्यात मारायला आणली. हिने टिचकी मारली, आवाज बद्द आला, आणि हिने सख्ख्या भावाला दारातूनच परत पाठवलं.

४. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, झिलई दिलेली विलायती मातीची भांडी: मासळीच्या आकाराची सुरई, हिरव्या पानांच्या बशा आणि कपाटात असेल ते सर्व. हा संग्रह हिचा. पारख हिची, ओझी वाहणं माझं. ही आता मुलाला ओळखत नाही आणि मला दुकानदार समजते. रोज सकाळी एकेक भांडं उतरवते, टिचकी मारून ऐकते, "कितीला?" विचारते. मी भाव सांगतो. "अहो, लुटता की काय!" म्हणून हसते. दिवसभरात हसते ते तेवढंच. एकदा कपाटाला कुलूप लावलं, तर जेवली नाही, रडत राहिली.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, भांडी लिलावात देऊ, आईला चांगल्या संस्थेत ठेवू." पोरगा वाईट नाही, त्याचीही ओढाताण होते. पण संस्थेत फुटणाऱ्या वस्तू चालत नाहीत. मी प्लास्टिकचा जग आणून पाहिला. हिने टिचकी मारली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच ओशाळलो.

५. जो हिला घरी सांभाळेल त्याला भांडी, असं लिहायचं होतं. वकील म्हणाले, "काका, अट घाला हवी तर. पण ती पाळली जाते का, हे बघायला तुम्ही कुठे असणार?"  म्हणून अट नाही; भांडीही चिरंजीवांनाच. बाळा, हात जोडतो, ही आहे तोवर कपाट हलवू नकोस. पुढे तुझ्या मनात येईल ते कर.

सही करताना ही शेजारी येऊन बसली. कागद बघून म्हणाली, "आज काय विकताय?"

"आज काही नाही, बाई."

"बरं, उद्या येते. दुकान उघडं ठेवा हं."

सही: चष्मेवाले
साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर २. दुकानातला कारागीर
स्थळ: राहते घर, कपाटाची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर